कंपायलर कुणाच्या जिवावर?

२०२२ साली जीसीसी या कंपायलरची बारावी आवृत्ती आली आणि तिच्यातून सीआर१६ नावाचा एक बॅकएंड वगळण्यात आला. आवृत्तीच्या टिपणात त्याबद्दल एवढीशी नोंद होती. बातमी कुठं झाली नाही, व्हायचं कारणही नव्हतं. मला मात्र ती नोंद बोचली, कारण तो बॅकएंड केपीआयटी कमिन्स या पुण्याच्या कंपनीनं जीसीसीला दिलेला होता. नॅशनल सेमिकंडक्टरच्या एका सोळा बिटी प्रोसेसरसाठी केलेलं ते काम होतं. जीसीसीचा दंडक असा, की ज्या बॅकएंडला वाली उरला नाही तो आधी एका आवृत्तीत 'कालबाह्य' म्हणून जाहीर करायचा, आणि तरीही कुणी पुढं आलं नाही तर पुढच्या आवृत्तीत काढून टाकायचा. सीआर१६ची घोषणा २०२१ला अकराव्या आवृत्तीत झाली, बाराव्यात तो गेला.

बॅकएंड म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. आपण लिहिलेला प्रोग्राम कंपायलर दोन टप्प्यांत पचवतो. पुढचा भाग, फ्रंटएंड, मजकूर वाचतो, व्याकरण तपासतो, चुका दाखवतो आणि सगळ्याचं एका मधल्या भाषेत रूपांतर करतो. मागचा भाग त्या मधल्या भाषेतून प्रोसेसरला कळणाऱ्या सूचना काढतो. कुठला आकडा कुठल्या रजिस्टरमध्ये ठेवायचा, रजिस्टरं संपली तर कुणाला मेमरीत हाकलायचं, कुठली सूचना आधी आणि कुठली नंतर, हे सगळं त्याच्याकडं. भाषेचं कौतुक होतं ते फ्रंटएंडमुळं. ती चालते मागच्या भागाच्या जिवावर.

नवी भाषा करणाऱ्याला हा मागचा भाग कुठून तरी आणावा लागतो. स्वतः लिहायचा, की एलएलव्हीएम किंवा जीसीसीसारखा तयार घ्यायचा, की सी भाषेचा कोड ओकून पुढचं काम सीच्या कंपायलरवर सोपवायचं? माझं म्हणणं असं, की ही निवड करताना 'निघालेला प्रोग्राम किती पळतो' हा प्रश्न तिसऱ्या नंबरवर ठेवावा. पहिला प्रश्न, पाच वर्षांनी हे सांभाळणार कोण. दुसरा, हा बॅकएंड मुळात कुणाच्या सोयीनं बांधलाय.

सांगली-साताऱ्याकडं हा विषय पुस्तकी राहत नाही. विश्रामबागेतलं वालचंद, कराडचं शासकीय अभियांत्रिकी, राजारामनगरचं आरआयटी, अशा कॉलेजांच्या पट्ट्यात शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला स्वतःची भाषा करायची हौस असलेली मुलं भेटतात. 'जर', 'नाहीतर', 'जोपर्यंत' असे मराठी शब्द घेऊन छोटीशी भाषा करायची, हा त्यातला आवडता बेत. व्याकरण होतं, पार्सर होतो, आणि मग परीक्षक विचारतात, "एलएलव्हीएम का नाही वापरलं?" पोरं खाली मान घालतात. त्यांनी मान वर करून "सर, का वापरावं?" असं विचारावं, अशी माझी इच्छा आहे. त्या प्रश्नाची चांगली उत्तरं आहेत. ती परीक्षकांनाही द्यावी लागली पाहिजेत.

एलएलव्हीएमची थोरवी नाकारण्यात अर्थ नाही. २०००च्या सुमारास इलिनॉय विद्यापीठात ख्रिस लॅटनर या विद्यार्थ्यानं आणि त्याचे गुरू विक्रम आडवे यांनी ते सुरू केलं. आडवे हे आयआयटी मुंबईचे पदवीधर. २०१२चा एसीएमचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार या दोघांना आणि ॲपलच्या इव्हान चेंगला मिळाला. त्याआधी बॅकएंड हा कंपायलरच्या पोटात शिवलेला अवयव असायचा; एलएलव्हीएमनं तो सुटा करून, कुणीही आपल्या भाषेला जोडावा अशा लायब्ररीच्या रूपात दिला. मधल्या भाषेचं स्वप्न तसं १९५८पासूनचं. दहा भाषा आणि दहा यंत्रं असतील तर शंभर कंपायलर कशाला लिहायचे, मध्ये एकच भाषा ठेवली की वीस तुकड्यांत भागतं, हा हिशेब तेव्हा 'अनकॉल' नावानं मांडला गेला आणि कागदावरच राहिला. तो प्रत्यक्षात उतरवण्यात एलएलव्हीएमच्या जवळपास फार थोडे आले. ज्युलियासारख्या आकडेमोडीच्या भाषेनं ते घेतलं हे योग्यच झालं. मोठ्या मॅट्रिक्सवरची लूप प्रोसेसरच्या रुंद रजिस्टरांवर नीट बसवायची, हे वर्षानुवर्षांचं काम तिथं आयतं मिळतं.

पण आयतं म्हणजे फुकट नव्हे. एलएलव्हीएमची नवी आवृत्ती वर्षातून दोनदा येते आणि आतली रचना बदलायला ती मंडळी कचरत नाहीत. पॉइंटरचंच घ्या. पूर्वी त्यांच्या मधल्या भाषेत पॉइंटर म्हटला की तो कशाकडं बोट दाखवतो, पूर्णांकाकडं की एखाद्या स्ट्रक्चरकडं, हे त्याच्या टाइपमध्येच लिहिलेलं असायचं. अनेक फ्रंटएंड आपली वही ठेवतच नसत, गरज पडली की पॉइंटरलाच विचारत, "बाबा, तू कुणाचा?" २०२२च्या पंधराव्या आवृत्तीपासून पॉइंटर मुका झाला, आणि २०२३च्या सतराव्यात जुनी सोय पूर्ण काढून टाकली. निर्णय चांगला होता. पण ज्यांनी त्या उत्तरावर घर बांधलं होतं त्या प्रत्येकाला आपली वही नव्यानं मांडावी लागली. ॲपल किंवा गूगलमध्ये त्यासाठी पगारी माणूस असतो. कराडच्या पोरांनी प्रोजेक्ट सादर केला, नोकरी लागली, हिंजवडीला गेली. त्यांची भाषा एलएलव्हीएमच्या चौदाव्या आवृत्तीवर अडकली ती अडकलीच.

सांभाळण्याचा प्रश्न हा असा. दुसरा, सोयीचा प्रश्न, त्याहून जास्त बोलका आहे आणि त्याचं उत्तम उदाहरण रस्ट भाषेचं. एलएलव्हीएमवर सर्वांत जास्त चाललेला कोड सी आणि सी++ यांचा. सी++मध्ये असं गृहीत धरायला मुभा आहे, की बाहेर काही परिणाम न करणारी लूप केव्हा तरी संपतेच. म्हणून एलएलव्हीएम तशी लूप सरळ खोडून टाकायचं. रस्टमध्ये मात्र न संपणारी रिकामी लूप लिहिणं पूर्ण कायदेशीर. छोट्या कंट्रोलरवर काही बिघडलं की जागीच घिरट्या घालत थांबायचं, यासाठी ती लागतेही. प्रोग्रामरनं लिहिलं 'इथंच थांब', बॅकएंडनं ते पुसलं आणि प्रोसेसर पुढच्या कुठल्या तरी भलत्याच सूचनेवर जाऊन पडला. हा दोष कित्येक वर्षं माहीत होता. २०२१मध्ये एलएलव्हीएमनं ते गृहीतक ऐच्छिक केलं तेव्हा कुठं मिटला. 'हे दोन पॉइंटर एकाच जागेकडं कधीच पाहत नाहीत' अशी हमी रस्ट जवळजवळ प्रत्येक फंक्शनमध्ये देऊ शकते. सीमध्ये ती क्वचित कुणी देतं. म्हणून एलएलव्हीएममधला तो रस्ता फारसा वापरात नव्हता आणि त्यावर खड्डे होते. रस्टनं ती सोय चालू केली, खड्ड्यात पडले, बंद केली, पुन्हा चालू, पुन्हा बंद; टिकली तीही २०२१मध्ये. ज्या रस्त्यानं मोठं गिऱ्हाईक जात नाही तो रस्ता तपासलेला नसतो, हे बॅकएंड घेताना कुणी पावतीवर लिहून देत नाही.

गो भाषेच्या मंडळींनी हे आधीच ओळखलं. त्यांनी सुरुवातीला एलएलव्हीएमचा विचार केला होता. फार मोठं आणि संथ म्हणून सोडलं, आणि प्लॅन नाइन या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी केन थॉम्पसननं केलेल्या जुन्या कंपायलरांवरून स्वतःचं काम सुरू केलं. मागे वळून पाहताना ते आणखी एक कारण सांगतात आणि ते अधिक वजनाचं आहे: हजारो गोरुटीन, म्हणजे गोमधली एकाच वेळी चालणारी हलकी कामं, चालवायच्या तर प्रत्येकीचा स्टॅक लहान ठेवून गरजेप्रमाणं वाढवावा लागतो, आणि असले बदल सीच्या चौकटीत वाढलेल्या बॅकएंडवर करणं जड गेलं असतं. निघालेला कोड सुरुवातीची काही वर्षं मध्यम होता. २०१६मध्ये गोच्या १.७ आवृत्तीत नवा बॅकएंड आला आणि बराच सुधारला. भाषा तोवर लोकांच्या हातात रुळली होती, ती कंपाइल पटकन होते म्हणून. दिवसातून शंभरदा बदल करून शंभरदा चालवून पाहणाऱ्या माणसाला, शेवटी निघालेला प्रोग्राम दहा टक्के जास्त पळाला काय आणि नाही काय. झिग या भाषेनंही २०२५मध्ये, एक्स८६ प्रोसेसरांच्या लिनक्सवर रोजच्या डीबग कामासाठी एलएलव्हीएम बाजूला ठेवून स्वतःचा बॅकएंड लावला, तो याच हिशेबानं.

मग प्रत्येकानं गोसारखं सगळं घरी करावं का? नाही. गोच्या मागं गूगल होतं. आणि घरी केलेल्या बॅकएंडला यंत्र बदललं की पुन्हा सुरुवातीपासून कामाला लागावं लागतं. यंत्रं बदलतात याचा पुरावा शोधायला कॅलिफोर्नियाला जायला नको. पुण्यात १९८८मध्ये सीडॅक स्थापन झालं आणि १९९१मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा राहिला. त्यात इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर होते, चार लिंकांनी शेजाऱ्यांशी बोलणारे देखणे प्रोसेसर. समांतर गणनेचं भविष्य हेच, असं तेव्हा भल्याभल्यांना वाटत होतं. काही वर्षांत ट्रान्सप्युटर संपला. परम ९००० स्पार्क प्रोसेसरांवर गेला, १९९८चा परम १००००देखील. त्यानंतरचा परम पद्म आयबीएमच्या पॉवर ४वर आणि परम युवा इंटेलवर. आता तेच सीडॅक रिस्क-फाइव्ह या सूचनासंचावर बेतलेले स्वतःचे वेगा प्रोसेसर करतं. एकाच नावाखाली, एकाच संस्थेत, एका माणसाच्या नोकरीच्या काळात एवढे बोलीबदल! ज्याचा प्रोग्राम फोरट्रान किंवा सीमध्ये होता त्याला नव्या यंत्रावर पुन्हा कंपाइल करता आला. ज्यानं चार लिंका गृहीत धरून रचना केली, त्याच्या हातात ती कल्पना तेवढी राहिली.

इथं आमच्या दोन जिल्ह्यांचा एक जुना धडा आठवतो. १९१०मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या जागेवर, कुंडल रोड स्टेशनाशेजारी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना घातला. आधी नांगर आणि चरक, पुढं पंप. तिकडं साताऱ्यात धनजीशा कूपरांच्या कारखान्यानं १९३०च्या दशकात डिझेल इंजिन केलं. पंप आणि इंजिन या दोन वेगळ्या वस्तू, आणि त्यांच्यामध्ये एक शाफ्ट, एक पट्टा किंवा कपलिंग. कृष्णाकाठच्या विहिरींवर ऑइल इंजिनं होती तेव्हा पंप त्यावर चालला, वीज आली तेव्हा मोटर बसली, आता सौर पॅनेल आलंय. पंपवाल्यानं इंजिन स्वतः करायचं की नाही हा हिशेबाचा भाग झाला. सांधा मात्र असा ठेवला पाहिजे, की इंजिन बदलताना पंप उकरावा लागू नये. कंपायलरमध्ये तो सांधा म्हणजे मधली भाषा, आणि ती *आपली* असली पाहिजे. फ्रंटएंडमधून थेट एलएलव्हीएमची फंक्शनं बोलावणारे कंपायलर मी पाहिलेत. व्याकरणाच्या झाडाच्या प्रत्येक फांदीवर त्यांचं नाव कोरलेलं. तिथून सुटका नाही.

आता सी. सीचा कोड काढणं याला आपल्याकडं कमीपणा समजतात, 'खरा कंपायलर नव्हे' म्हणतात. १९८०च्या दशकात स्ट्रॉस्ट्रुपनं सी++ असंच सुरू केलं, सीफ्रंट नावाच्या प्रोग्राममधून सी काढून. निम ही भाषा आजही तेच करते. सीचा कंपायलर नाही असं यंत्र जवळपास नाहीच. रिस्क-फाइव्ह जीसीसीत २०१७मध्ये आलं आणि एलएलव्हीएममध्ये २०१९मध्ये अधिकृत झालं. त्याआधी सी काढणारी किंवा एलएलव्हीएमची मधली भाषा काढणारी जी कुठली लहान भाषा होती, तिला हे यंत्र जवळजवळ बसल्या जागी मिळालं. दोघांतला फरक वहीचा: सी दर सहा महिन्यांनी बदलत नाही. आज काढलेला सी वीस वर्षांनीही कंपाइल होईल.

पण सीलाही स्वतःची गृहीतकं आहेत, आणि ती माहीत नसली तर घात ठरलेला. समजा आपल्या मराठी भाषेनं ठरवलं, की पूर्णांक मर्यादेबाहेर गेला तर घड्याळाच्या काट्यासारखा फिरून दुसऱ्या टोकाला यावा. म्हणून कुणी तपासणी लिहिली: 'क्ष + १' हे क्षपेक्षा मोठं नसेल तर थांब, आकडा उलटलाय. आपण तिचं शब्दशः सी केलं. सीचा नियम म्हणतो, चिन्हांकित पूर्णांक उलटणं हे घडूच नये. घडलं तर अर्थ सांगायला आम्ही बांधील नाही. मग जीसीसीचा ऑप्टिमायझर तर्क लढवतो: क्ष + १ नेहमीच मोठं, म्हणजे तपासणी निरर्थक, म्हणजे खोडा. पहारेकरीच कामावरून कमी! यावर उपाय आहे: कंपायलरला 'आकडे फिरू देत' असा पर्याय सांगता येतो, किंवा बेरीज चिन्हरहित टाइपमध्ये करून परत फिरवता येते. पण मूळ दुखणं रस्टच्या लूपचंच. दुसऱ्याचं इंजिन घेतलं की त्याच्या समजुतीही घरात येतात. सीमध्ये काढलेल्या कोडला आणखी दोन गोष्टी छळतात. कचरा गोळा करणाऱ्या भाषेला स्टॅकवर कुठं कुठं पॉइंटर आहेत ते नेमकं कळत नाही, आणि फंक्शनच्या शेवटच्या कॉलची, स्टॅक न वाढवणारी उडी हमखास मिळेल याची खात्री नसते. लिस्पच्या वळणाची भाषा करणाऱ्यानं सीकडं जाण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

मधला एक रस्ता क्यूबीईचा. कॅन्टँ कार्बोनो यांनी सीमध्ये लिहिलेला हा छोटा बॅकएंड उघडपणे सांगतो, की मोठ्या कंपायलरांच्या सत्तर टक्के वेग दहा टक्के कोडमध्ये मिळवायचा. हेअर ही भाषा त्यावर चालते. मला तो आवडतो याचं कारण वेग नाही. तो एका माणसाला बसून वाचता येतो. सीआर१६सारखी वेळ आली, मूळ लेखकानं उद्या लक्ष काढून घेतलं, तरी तेवढा कोड आपल्या घरात ठेवून सांभाळता येईल. एलएलव्हीएमची ती शक्यताच नाही. आठ जीबीच्या लॅपटॉपवर त्याची डीबग बांधणी लिंकिंगला आली की मशीन मान टाकतं. (तयार पॅकेज उतरवता येतं हे खरं. पण जे स्वतः बांधता येत नाही ते सांभाळता कसं येणार?)

आक्षेप येईल, की मुलांनी मोठ्या व्यवस्था समजून घ्यायला नकोत का? हव्यात. आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी जीसीसीवर जे काम केलं ते याच गरजेतून. लाखो ओळींचा तो डोंगर संपूर्ण न वाचता, त्यानं मधल्या टप्प्यांत काढलेली टिपणं तपासून आत काय चाललंय ते ओळखायचं, आणि एखाद्या साध्या यंत्राचं वर्णन थरावर थर चढवत जीसीसीला शिकवायचं. कार्यशाळांतून त्यांनी ते देशभरच्या शिक्षकांपर्यंत नेलं. त्यातून एक गोष्ट मला स्पष्ट दिसते: मोठा बॅकएंड समजून घेणं हा स्वतंत्र उद्योग आहे आणि त्याला वर्षं द्यावी लागतात. भाषा करणाऱ्यानं ते 'जाता जाता' होईल असं धरू नये.

आपल्याकडं अडचण अभ्यासक्रमाच्या रचनेत आहे. कंपायलर म्हटलं की लेक्स, याक, पार्सिंगचे तक्ते, यांतच सत्र सरतं. रजिस्टरवाटप शेवटच्या युनिटात, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात. धनंजय धामधेरे यांच्यासारख्या, ऑप्टिमायझेशनच्या संशोधनात नाव असलेल्या माणसानं लिहिलेली पुस्तकं महाराष्ट्रातल्या पोरांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांचा मागचा अर्धा भाग बहुधा कोराच राहतो. ज्यानं एकदाही रजिस्टर संपल्याची अडचण स्वतः सोडवलेली नाही, तो एलएलव्हीएम निवडतो तेव्हा निवडतो असं म्हणताच येत नाही.

परीक्षकांना मी सुचवेन ते असं. रिस्क-फाइव्हच्या मूळ बत्तीस बिटी संचात चाळीसच्या आसपास सूचना आहेत. त्यावर साधा, बावळट, पण चालणारा बॅकएंड एका सत्रात होतो आणि सिम्युलेटरवर तपासता येतो. दुसऱ्या सत्रात त्याच मधल्या भाषेतून सी काढावा. दोन इंजिनं बसवायची म्हटलं की सांधा आपोआप स्वच्छ ठेवावा लागतो, कारण एकाची सवय फ्रंटएंडमध्ये शिरली की दुसरं लगेच अडतं. आणि तोच प्रोग्राम दोन्हीकडून चालवून उत्तरं ताडून पाहता येतात. वरची 'क्ष + १'ची तपासणी त्यात घालावी: घरच्या बॅकएंडमधून थांबेल, ऑप्टिमायझेशन चालू केलेल्या सीमधून थांबणार नाही. तेव्हा आकडा उलटला तर काय व्हावं, हे भाषेच्या नियमावलीत कुठं लिहिलंय ते मुलांना शोधावं लागेल. बहुतेक प्रोजेक्टांच्या नियमावलीत ते लिहिलेलंच नसतं.